घरबसल्या सांत्वन

२ जुलै
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. (पुढे चरित्र लिहिणाऱ्याला लागली तर बघू.)

सकाळी सहाला रक्षाविसर्जन. आठवड्यातलं चौथं. मयताचं नाव गाडीत बाळासोनं सांगितलं, उतरेपर्यंत विसरलो. बाळासो माझा पीए. नैवेद्य ठेवला, कावळा शिवेना. सगळं गाव आभाळाकडं बघत उभं. कावळ्याला कामं नसतात, आमदाराला असतात. शिवाय नवे बूट चिखलात.

निर्णय घेतला. हे बंद. दर रविवारी मोबाइलवर 'आमदारवार्ता'. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाची म्हैस दूध संस्थेत पहिली, कुणाचं निधन, मतदारसंघातल्या सगळ्या बातम्या आणि सगळ्यांना माझा संदेश, एका बटणावर. निवडणूक तोंडावर आलीय. राजवर्धन (म्हणजे मी) जनसंपर्कात कमी पडतो, तिकिटाचा विचार करावा लागेल, असं वर कुणीतरी बोललंय. आता घ्या संपर्क.

बाळासो म्हणाला, साहेब, लग्नाला न्हाय गेलं तर चालतंय, पर रक्षेला न्हाय गेलं तर माणसं ध्यानात ठेवत्यात. मी म्हणालो, काळ बदलला. तो म्हणाला, व्हय की, पर माणसं अजून मरायलीच हायत.

बाळासोला व्हिजन नाही.

७ जुलै, रविवार
पहिला अंक गेला. व्हिडिओचं शूटिंग गगनबावड्याला केलं. निसर्गाच्या कुशीत लोकनेता अशी माझीच कल्पना. धुकं एवढं की मी दिसतच नाही, नुसता आवाज येतो. सोशल मीडियाच्या ऋता मॅडम म्हणाल्या, परत करू. गरज नाही म्हटलं. नेत्याला आवाजावरून ओळखतात.

वर्षाराणीनं (सौ.) विचारलं, आज तानाबाईंच्या रक्षेला कोण जाणार? म्हटलं, वार्तेत फोटो टाकलाय, फुलं लावलीत, हात जोडलेत. अजून काय पाहिजे? ती स्वयंपाकघरात गेली. पिठलं-भाकरीचा मोठा डबा भरून निघून गेली. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारच्यांनी द्यायचं असतं, असं तिचं म्हणणं. जाऊ दे. घरी बसून बायकांना कंटाळा येतो.

२१ जुलै
तिसरा अंक. किरकोळ तांत्रिक अडचण. लग्नाच्या बातम्यांसाठी लावलेली हलगी निधनवार्तेतही वाजत राहिली. पाटलांच्या म्हाताऱ्याचा फोटो आणि मागं कडकडकड. त्यांच्या थोरल्याचा फोन आला. बाळासोनं घेतला, फोन कानापासून लांब धरून. मी शेजारच्या खोलीत होतो, तरी सगळं ऐकू आलं. बाळासोला सांगितलं, कळव त्यांना, वाजतगाजत निरोप ही आपली परंपराच आहे. त्यानं कळवलं नाही म्हणे. कार्यकर्त्यांत धाडस उरलेलं नाही.

वर्षाराणी पाटलांकडं जाऊन आली. तिथं काय बोललीस, विचारलं. म्हणाली, काही नाही, बसले. सकाळची गेलेली दुपारी आली, आणि बसले! बरं, गाडी तिच्याकडं असल्यामुळं फीत कापायला मी रिक्षानं गेलो. रिक्षावाल्यानं विचारलं, वहिनी न्हाईत व्हय आज? लोकांना फार चौकशा.

११ ऑगस्ट
वार्ता तुफान चाललीय. ऋता मॅडमनी खालचे मेसेज वाचून दाखवले. 'वहिनी उद्या कुठल्या गावात?' 'वहिनींचा नंबर द्या.' 'वहिनी आलत्या, लई बरं वाटलं.' मॅडमना यात काहीतरी पॅटर्न दिसतोय म्हणे. मलाही दिसतोय. आमच्या घराण्यावर लोकांचं प्रेम आहे.

उद्यापासून रोज सकाळी रंकाळ्याला चालायला जायचं. लोकांत मिसळलं पाहिजे.

१२ ऑगस्ट
पाऊस होता. गेलो नाही.

५ सप्टेंबर
चिमणाआत्या गेली.

आई लहानपणीच गेल्यावर हिनंच मला वाढवलं. आमदार झालो त्या दिवशी सगळे हार घालत होते, आणि ही म्हणाली, जेवलास का रं? आज फार रडलो. ठरवून नाही, आपोआप.

संध्याकाळी पक्षातून फोन. निरीक्षक सात तारखेला कोल्हापुरात. रक्षाही सातलाच. आत्यानं जातानासुद्धा माझा विचार केला. गर्दी दिसली पाहिजे. सगळ्यांना मेसेज गेला, वर माझा फोटो मोठा, आत्याचा जरा लहान. नाश्त्याची सोय केलीय. बाळासो म्हणाला, साहेब, रक्षेला नाश्ता न्हाय करत. आता हेही शिकवणार मला.

७ सप्टेंबर, दुपारी
गर्दी! नदीकाठ पुरला नाही. कळंब्यापासून पेठ वडगावपर्यंतची माणसं. मी पुढं हात जोडून उभा. निरीक्षक दोघं, बाजूला, सगळं टिपत होते.

कावळा लगेच शिवला. माझ्याकडून आत्याचं काही राहिलं नव्हतं म्हणायचं. डोळ्यांत पाणी आलं.

नंतर लोक भेटायला आले. माझ्याकडं बरीच दाटी होईल, म्हणून बहुतेक जण वर्षाराणीकडं वळले असावेत. एक अंबूबाई म्हणून म्हातारी तिच्या गळ्यात पडून म्हणाली, माझा पोरगा गेला तवा तू माझ्या उंबऱ्यात बसलीस, मी आज यायची न्हाय व्हय? पाटलांचा थोरलाही आला होता. तिच्या पाया पडला. माझ्याजवळून गेला तेव्हा त्याला काहीतरी आठवलं असावं, मान वळवून गेला.

निरीक्षक निघताना वर्षाराणीशी बराच वेळ बोलले. घरच्यांची विचारपूस करण्याची पक्षाची पद्धत चांगली आहे. तिकीट पक्कं.

१९ सप्टेंबर
वरून फोन. उमेदवारी तुमच्याच घरात, म्हणाले. मी आभार मानले, श्रेष्ठींचा विश्वास सार्थ ठरवीन म्हणालो, आत्याचे आशीर्वाद म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग वहिनींचा बायोडाटा आणि एक चांगला फोटो लवकर पाठवा. वहिनींचा कशाला, मी विचारलं.  मग म्हणाले, तुम्ही मार्गदर्शक म्हणून राहा.

रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज फुल होती.

वर्षाराणीला सांगितलं. ती डबा भरत होती. हात थांबला. खाली बसली. म्हणाली, मी काही मागायला गेले नव्हते हो. ते मलाही माहीत आहे. तेच फार लागलं. मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, उद्या वडगावच्या बाजूला रक्षा आहे, चला माझ्याबरोबर.

२० सप्टेंबर
गेलो. चपला घालून.

रक्षेनंतर मयताच्या घरी वर्षाराणी बायकांत आत गेली. दारात ताडपत्रीवर पुरुषमंडळी. मी कडेला उभा. गेल्या खेपेला याच गावात माझ्यावर जेसीबीतून गुलाल उधळला होता.

एका म्हाताऱ्यानं वर बघितलं. पावणं, कुठल्या गावचं? मयताचं कोण तुमी?

भाषण तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. म्हणालो, वर्षाराणीचा मालक.

म्हातारा चटकन सरकला. म्हणाला, वहिनींचं मालक व्हय! मग उभं का? बसा की.

बसलो.