माझ्या बोटाला पसंत पडलेला लिफ्टवाला

३ मार्च, सोमवार
घोळ झालाय. माझ्याच बोटाने! घरात सांगायची सोय नाही, म्हणून नातीने दिलेल्या या जुन्या मोबाईलला सांगते. हा बोललेलं लिहून ठेवतो म्हणे. काय लिहितो देव जाणे, मला थोडंच वाचता येतंय!
नात अंघोळीला गेली, तिचा मोबाईल ओट्यावर. त्यात लग्नाची मुलं, एकामागून एक. आवडला तर उजवीकडे सरकवायचा, नाहीतर डावीकडे – तिचं बघून मला पाठ. फोटोखाली शिक्षण लिहिलेलं असतं, ते मला काय कळणार? मी तोंडं बघितली. एकाचे डोळे हसरे. सरकवला. त्याने हिला आधीच पसंत केलेलं – जमली जोडी!

४ मार्च
नातीला कळलंच. तो लिफ्ट दुरुस्त करतो म्हणे. बारावी. आमची दगडधोंड्यांवर संशोधन करून डॉक्टर झालेली, एम.ए.च्या खालचा बघत नाही. स्वतःचं शिक्षण मात्र लिहिलेलंच नाही. का, तर मुलं पळतात!
म्हटलं, दोन वर्षं वाचून वाचून निवडलेस, टिकला का एक तरी? फणकाऱ्याने गेली. पण त्याला काढून टाकलं नाही. समजेना मला.

१२ मार्च
मोबाईलशी खिदळते. लिफ्टमध्ये माणसं अडकली की तो बाहेरून त्यांच्याशी गप्पा मारत काम करतो, घाबरू नयेत म्हणून. हिला ते फार आवडलं. मग लगेच तोंड पाडून – मैत्रिणींना काय सांगू?
मी आमच्या ह्यांचा दाखला दिला. ते बी.ए., मी अंगठेबहाद्दर, चाळीस वर्षं सुखात गेली. म्हणाली, "ते वेगळं गं आजी. तसं असलं की कुणाला खुपत नाही."
का खुपत नाही?

१५ मार्च, शनिवार
आज चार वाजता भेटणार होते. निळा ड्रेस इस्त्री करून ठेवलेला. निघण्याआधी तिने त्याला आपलं शिक्षण कळवलं – लपवून जाणं बरं नाही म्हणून. त्याचं उत्तर तिने मला वाचून दाखवलं: "नको. तुमच्यासमोर मला बोलायलाच सुचणार नाही."
एवढा बोलका माणूस!
ड्रेस पुन्हा कपाटात.

१६ मार्च
लग्नानंतर वर्षभराने मी ह्यांच्याकडे पाटी मागितली होती. हसले. "तुला कशाला? मी आहे ना वाचायला."
तेव्हा किती गोड वाटलं होतं.