जिथे तुझी वीण थांबली

प्रिय ताई,

उद्या सकाळच्या गाडीने भावजी शालूला साताऱ्याला घेऊन जाणार. तिचं गाठोडं बांधता बांधता माझा हात थांबला. तिचा स्वेटर तुला दाखवल्याशिवाय आत ठेववेना. तुझ्या लेकीचा स्वेटर, आणि तुलाच न विचारता मी पुरा केला! म्हणून लिहायला बसले.

तू तापाने अंथरूण धरलंस तेव्हा पाठ आणि बाह्या झाल्या होत्या, पुढची बाजू छातीपर्यंत आली होती. सुया लोकरीच्या गुंड्यात खोवून म्हणालीस, "बरी झाले की गळा घालते." बरी का नाही झालीस गं?

तू गेलीस आणि शालू इथे चिंचवडला आपल्या घरी आली. पिंपरीच्या कारखान्यात भावजींच्या पाळ्या. दोन वर्षांच्या पोरीला तिथे सांभाळणार कोण? मला वाटलं, आता ती आपल्याकडेच राहणार. मागच्या रविवारी भावजी आले. कपबशीत बघत म्हणाले, "आमची आई म्हणते, नात साताऱ्याला माझ्याकडे असू दे. कमल, तुझंही आज ना उद्या लग्न होईल. मग पुन्हा हिला नवी माणसं." बरोबरच बोलले ते. पण बरोबर असलेलं सगळं सोसतं का, ताई?

ते गेल्यावर आई म्हणाली, "तिकडे थंडी जास्त. तो स्वेटर तेवढा पुरा कर. तिच्या आईच्या हातचं काहीतरी अंगावर असू दे पोरीच्या."

सुया हातात घेतल्या आणि मला घाम फुटला. तुझी वीण सैल, मऊ. माझी कशी, ते तुला ठाऊकच आहे. माझ्या टाक्यातून सुई निघता निघायची नाही. "कमे, लोकर आहे ती, विहिरीचा दोर नव्हे! कोण पळून चाललंय?" माझी पहिली टोपी बाबांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा तू ती नारळाला घालून फडताळात ठेवलीस. किती रडले होते मी! आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो नारळ दाखवत होते.

दुसरी खोड त्याहून वाईट. एक टाका चुकला की मी सगळं उसवायची. एकदा तू ते विणकाम माझ्या हातातून काढून घेतलंस. चुकलेला टाका तेवढा खाली सोडलास आणि क्रोशाच्या सुईने एकेक ओळ चढवत वर आणलास. बाकीचं होतं तसंच. "बघ, मोडलं काही? दर वेळी सगळं उसवतेस, त्याला धीर म्हणत नाहीत. घाबरटपणा म्हणतात." पाटीवर अक्षरं गिरवून घेताना कधी रागावली नव्हतीस. त्या दिवशी रागावलीस.

आणि बघ, या आठवड्यात मी पुन्हा तेच केलं! थोडं विणलं, तर स्वेटर तिथेच आवळल्यासारखा दिसू लागला. उसवलं. पुन्हा विणलं, पुन्हा उसवलं. शेवटी मनात आलं, तुझंही सगळं उसवावं आणि पहिल्यापासून एकाच हाताने विणावं. निदान एकसारखा तरी होईल. ताई, मी खरंच सुई ओढून काढली! तुझे टाके उघडे पडले. एक घरंगळत खाली गेला.

तेवढ्यात शालू येऊन मांडीत बसली. लोकर धरून म्हणाली, "माजं?"

"हो, तुझंच."

"झालं?"

"नाही गं अजून."

"मग कल ना!"

अगदी तुझ्यासारखं दटावलंन गं! मी तो एक टाका क्रोशाच्या सुईने वर आणला. मग बाकीचे सगळे हलक्या हाताने सुईवर घेतले. इतकं सावकाश, की शालू मांडीतच झोपली. तिला जाग येऊ नये म्हणून हात न आवळता विणत राहिले. सुई कुठे अडली नाही.

आज दुपारी स्वेटर झाला. छातीपाशी किंचित अरुंद होतो, तिथून वर माझा हात. बघणाऱ्याला कळेल. कळू दे. तुझ्या शेवटच्या ओळीवरून मी सारखं बोट फिरवते आहे. ती ओळ विणताना तू काय बोलत होतीस, तेच आठवत नाही. लक्ष का दिलं नाही मी?

शालू वाढेल. एखाद-दोन हिवाळ्यांत हा स्वेटर आखूड होईल. तेव्हा मात्र तो उसवावा लागेल, तुझ्या टाक्यांसकट. ते काम मी दुसऱ्या कुणाला करू देणार नाही. लग्न झालेलं असलं तरी साताऱ्याला जाईन, सासरी तसं आधीच सांगून ठेवीन. लोकर धुवून, तिच्यात नवी घालून पुन्हा विणीन. वचन देते, रडत बसणार नाही. शालूला समोर बसवीन आणि उसवताना लोकरीचं टोक तिच्या हातात देईन.

तुझी,
कमल