गिअरबॉक्समधलं पिवळं तेल

बाबा,

मक्याचा पोलेंटा झाकून ठेवलाय, इवानदादाला गरम करून द्या. त्याच्या कुबड्या शेगडीपाशी आहेत.

शर्यतीला निघण्याआधी माझी मोटरसायकल मागच्या चढावर नेऊन पाहिली. इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी पुढे सरकत नाही. क्लच घसरतोय. गिअरबॉक्स उघडला, तर आपल्या लाल तेलाऐवजी पिवळं, मोटारीचं तेल! त्याचा अर्धा डबा तुमच्याच बाकाखाली सापडला.

नवशिक्याने केलं असतं तर मी हसले असते. पण बत्तीस वर्षं अख्खी दरी तुमच्याकडे गाड्या दुरुस्तीला आणतेय. मोटारीच्या तेलात आपला क्लच धरत नाही, हे मला सातव्या वर्षी तुम्हीच शिकवलंत. तेव्हा ‘चुकून पडलं’ म्हणून मला वेड्यात काढू नका.

दादा पडला त्या उतारावर मी जाऊ नये असं वाटत होतं, तर तोंड नव्हतं का तुम्हाला? काल जेवताना ‘मीठ कमी आहे’ एवढंच बोललात. ‘जाऊ नकोस’ म्हणाला असतात, तर कदाचित थांबलेही असते.

तुमची गाडी नेतेय. तिच्यातलं तेल बघितलं. बरोबर आहे.

ओर्नेला