सव्वीस वर्षांची बरणी

९ मार्च

आदरणीय विहीणबाई यांस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे गुडघा आणि डावा कान सोडून. तुमची पाठ कशी आहे? जड उचलू नका. तुम्हाला आमची लिपी येत नाही, म्हणून हे पत्र, आमची लिपी शिकलेल्या जावईबापूंनी तुमच्या भाषेत वाचून दाखवावं. लेकीकडे देऊ नये, ती मधलं गाळील. ती समोर बसलेली मात्र हवी. माझं शिक्षण चौथीपर्यंत, चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

तुमच्याकडचं जेवण आठवतं. राखेत आणि चुन्यात ठेवलेलं ते अंडं, काळं झालेलं, आत हिरवा बलक. मी ते खाल्लं. तळलेले रेशमाचे किडे तुम्ही दोनदा वाढलेत, तेही खाल्ले. शेंगदाण्यासारखे लागले, फक्त डोळे मिटावे लागले. तेव्हा हा म्हातारा नाक मुरडणारा आहे असं समजू नये.

माझ्या शेजारच्या खोलीत एक निवृत्त खलाशी राहतो. त्याने जगभरचं काय काय खाल्लंय. जमिनीत पुरून आंबवलेला शार्क, अळ्या पडलेलं चीज.

"अळ्या उड्या मारतात, कोठीवाले. वर हात धरून खायचं."

"आणि पोट?"

"पोटाला कोण विचारतंय?"

मग मी त्याला तुमच्या जिन्याखालच्या बरणीचं सांगितलं. मासे, मीठ, शिजवलेला भात, वर दगड, सव्वीस वर्षं. त्याने कप खाली ठेवला.

"उघडली कुणी?"

मी म्हटलं, आज हवेत गारवा आहे.

आताही तेच करतो आहे. तीन महिने तेच केलं. आता लिहितो.

त्या गुरुवारी तुम्ही तिघं तपासणीला दवाखान्यात गेला होतात. मी घरी एकटा होतो. गॅस बंद आहे ना, दाराला कडी आहे ना, हे बघत फिरत होतो. जिन्याखाली वास आला. विहीणबाई, माझी एकतीस वर्षं रुग्णालयाच्या स्वयंपाकघराच्या कोठीत गेली. काम एकच. आलेला माल हुंगायचा आणि वास आला की टाकायचा. माझ्या वेळात एकाही रोग्याला अन्नाची बाधा झाली नाही, तसं प्रमाणपत्र भिंतीवर आहे. मी झाकण उचललं. आत करडा चिखल. आणि घरात गरोदर लेक.

मी कुणाच्या येण्याची वाट पाहिली नाही. शेडमागे खड्डा केला, सगळं पुरलं, वर चुना टाकला. बरणी तीन पाण्यांनी धुऊन उन्हात पालथी घातली. आणि शाबासकी मिळेल म्हणून दारात उभा राहिलो.

तुम्ही बरणी पाहिलीत आणि पायरीवर बसलात. लेक तुमच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मला वाटलं, माझं कौतुक करते आहे. संध्याकाळी तिने मला खोलीत नेलं. म्हणाली, "बाबा, हे जन्मले त्या वर्षी सासऱ्यांनी ती भरली होती. पहिलं नातवंड झालं की उघडायची. पहिला घास बाळंतिणीचा."

"मग आता?"

"मी सांगितलंय, मला मळमळत होतं म्हणून मीच बाबांना टाकायला लावलं. माझ्यावरचा राग कधीतरी जाईल, मी इथेच असणार. तुमच्यावरचा जायचा नाही. तुम्ही तोंड उघडू नका."

मी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी लवकरची गाडी धरली.

ती खोटं बोलली. तिने मला काहीही सांगितलं नव्हतं. बरणी मी टाकली, माझ्या मनाने.

परवा तिचा फोन आला. मी विचारलं, "सासूबाई बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत. वाढतात मला."

"आणि बोलतात?"

"वाढतात म्हटलं ना, बाबा."

खलाशाने ओळखीतून तसल्या माशाचा एक तुकडा मिळवला, तीन वर्षांचाच. वाटीत समोर ठेवला. नाक म्हणालं, टाक. मी खाल्ला. आधी आंबट, मग खारट, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग जिभेच्या मागे भाताची गोडी आली. आवडला असं खोटं लिहीत नाही. पण तो सडलेला नव्हता. माझ्या नाकाला सडलेलं आणि मुरलेलं वेगळं ओळखता येत नाही, हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. प्रमाणपत्र उतरवायचं आहे, पण स्टुलावर चढायला गुडघा नको म्हणतो.

तुमचे यजमान गेले, त्यांच्या हातचं परत येणार नाही, हे मला कळतं. माफी मागितली तर तुम्हाला 'असू दे' म्हणावं लागेल, म्हणून मागत नाही. नातवंडासाठी बरणी भराल तेव्हा मासे धुवायला मला बोलवा. माझे हात अजून स्थिर आहेत. झाकण लागलं की मी तिच्या जवळ जाणार नाही. ती उघडेल तेव्हा मी नसेनच, तेव्हा तीही काळजी नको.

लेकीचे दिवस भरत आले. तिला नुसतं वाढू नका. तिच्याशी बोला.

बरणी रिकामी करणारा,
तुमचा व्याही