तू रस्ता बघ, काटा मी बघतो

ती. वन्सं यांना साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच. खरा घालायला वाकले तर उठवायला माणूस लागेल, आणि या घरातला एकुलता एक माणूस कालपासून माझ्याशी धड बोलत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मालिशवाली बाई वेळेवर येते की अजून निरोपच पाठवते? चिरंजीवांची रात्रपाळी संपली का? आमच्याकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण ठीक काहीही नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली आहे आणि तिथंच मुक्कामाला राहिली आहे. ती कोणावर ओतावी हे ठरेना, म्हणून तुमच्यावर ओतते. लग्न झाल्यापासून तुम्ही मला पुष्कळ ऐकवलंत, आज जरा ऐकून घ्या.

तुमच्या बंधूंनी (आज मी त्यांना ‘हे’ म्हणणार नाही, आज ते फक्त तुमचे बंधू आहेत) हयातभर शहरातली बस चालवली आणि एकदाही दंड भरला नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेच सगळ्या जगाला सांगत असतात. तर गेल्या वर्षी एके दिवशी चहा पिता पिता ते म्हणाले, आता तू गाडी शीक. आयुष्यभर मी लोकांना फिरवलं, आता मला कोणीतरी फिरवावं. वन्सं, माझे डोळे भरून आले हो. ज्या माणसानं मला कधी साधी काच खालीवर करू दिली नाही, तो आपणहून चाक माझ्या हातात देत होता. मी माझ्या शिलाईच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगितली. पडद्याचं माप घेता घेता सांगितली, उशांचे अभ्रे मोजता मोजता सांगितली. एका बाईनं तर घरी जाऊन नवऱ्याशी भांडण काढलं, की बघा, याला म्हणतात मन. मूर्ख ती आणि तिच्याहून मूर्ख मी.

शिकले. गाडीच्या क्लासवाल्याच्या पायाखाली त्याचा स्वतःचा एक वेगळा ब्रेक होता आणि तो तो इतक्या भक्तिभावानं दाबायचा, की गाडी माझ्यामुळे थांबते की त्याच्यामुळे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. परीक्षेला मी गाडी इतकी सावकाश चालवली की शेजारी बसलेल्या साहेबांनी जांभया देत देत मला पास केलं. लायसन आलं. मात्र नवशिक्यांना एक अट असते. पहिल्या वर्षात शाळेजवळ वेगात सापडलात, तर लायसन जमा, आणि पुन्हा पहिल्यापासून शिकाऊ पाटी लावून सुरुवात. त्याचं मला भय नव्हतं. शाळेजवळ वेगात जायला मी काय वेडी आहे? आता माझे पडदे मीच पोचवत होते, कोणाच्या पाया पडावं लागत नव्हतं. आरशात बघून मागे येणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या देण्यातलं सुख मला या वयात पहिल्यांदा कळलं, वन्सं, आणि ते मला जन्मभर पुरणार होतं.

तर पद्धत अशी होती. तुमचे बंधू रोज शेजारी बसायचे आणि म्हणायचे, नवा माणूस सारखा काट्याकडे बघतो आणि समोरच्याला ठोकतो. तू रस्ता बघ, काटा मी बघतो. बसमध्ये घंटी मारायला वेगळा माणूस आणि चालवायला वेगळा, तसंच आपलं. मला हे पटलं. त्यामुळे आमच्या गाडीत वेगाचं खातं त्यांच्याकडे आणि दिशेचं माझ्याकडे. मी विचारायचे, किती? ते म्हणायचे, तीस. वळणावर विचारलं तरी तीस, उतारावर विचारलं तरी तीस. (आता लिहिताना माझ्या लक्षात येतं आहे की इतक्या महिन्यांत आमची गाडी तीसच्या अलीकडे किंवा पलीकडे कधी गेलीच नाही. तेव्हा मला वाटायचं, काय माझा पाय स्थिर आहे.)

त्या दिवशी मी शाळेचाच पडदा घेऊन शाळेकडेच चालले होते. त्यांच्या रंगमंचाचा पडदा, जाड मखमल, मागची सीट भरून वर छताला टेकलेला. फाटकाच्या अलीकडे एक पोलीसबाई झाडामागून उगवली, हातात ते वेग मोजायचं यंत्र. म्हणाली, तीसची हद्द आहे, तुम्ही बेचाळीसनं होता. मी शेजारी बघितलं. तुमचे बंधू काट्याकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाले, बाई, तीस होता, मी स्वतः बघत होतो, माझा जन्म यात गेला. पोलीसबाई म्हणाली, तुमचा जन्म गेला असेल, पण माझ्या यंत्रात बेचाळीस आहे. आणि फाडली पावती. वर मला म्हणते कशी, आजी, मान्य नसेल तर सुनावणीला या. आजी! माझ्या दातांत अजून एकही खोटा नाही. पाटी घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई तिथं उभी राहून सगळं ऐकत होती, आणि आत गेल्यावर मुख्याध्यापिकेला सगळं ठाऊक होतं. पडदा टांगून होईपर्यंत शिपायानंसुद्धा मला जपून चालवायचा सल्ला दिला.

मी ठरवलं, लढायचं. शेजारीण म्हणाली, कशाला हात दाखवून अवलक्षण, चूक मान्य केली तर कधी कधी नुसती समज देऊन सोडतात. मी म्हटलं, चूक केलीच नाही तर मान्य काय करू? मी तयारीला लागले. हद्दीच्या पाटीवर झाडाची फांदी आली होती, तिचा फोटो काढायला गेले, तर आदल्याच दिवशी कोणीतरी फांदी छाटून टाकलेली, ओला खुंट माझ्याकडे बघून हसतोय. मग मी पडद्याचं वजन काढलं, कारण एवढी मखमल घेऊन आमची म्हातारी गाडी बेचाळीसनं पळाली असती तर मी तिचा सत्कार केला असता. पण खरा हुकमाचा पत्ता म्हणजे तुमचे बंधू. ज्याला कधी दंड झाला नाही असा बसचालक, काट्यावर डोळे लावून बसलेला साक्षीदार. यंत्र चुकू शकतं, हा माणूस चुकू शकत नाही, असं मी ठणकावून सांगणार होते. आरशासमोर उभी राहून मी ते ठणकावून बघितलंसुद्धा.

काल सुनावणी झाली. बसनं गेलो. (वेगाच्या तक्रारीला गाडीनं जाऊन वाटेत दुसरी पावती नको, हा माझा विचार.) प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बंद पडलेला पंखा, आणि आत टेबलामागे आमच्या लेकीच्या वयाची एक अधिकारी बाई, सर्दीनं बेजार, एका हातात रुमाल आणि दुसऱ्या हातानं कागद उलटतेय. मी फांदी सांगितली, मखमल सांगितली. ती ऐकत होती, मला वाटलं थोडी विरघळलीसुद्धा. मग तुमचे बंधू उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला नोकरीतला जुना बिल्ला. म्हणाले, बाईसाहेब, काटा तीसवर होता, मी शपथेवर सांगतो. वन्सं, खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की पावतीचे उपकार मानावेसे वाटले.

बाईंनी शिंकत शिंकत गठ्ठ्यातून एक फोटो काढला आणि त्यांच्या हातात दिला. म्हणाल्या, काका, यंत्रानं घेतलेला हा फोटो, ही तुमचीच गाडी ना? तुमच्या बंधूंनी फोटो जवळ घेतला, लांब धरला, मान तिरकी केली, आणि म्हणाले, “हो, आमचीच. ही काय चालवतेय, आणि शेजारी मी बसलोय.”

मी वाकून बघितलं. सर्दीच्या गडबडीत बाईंनी दुसऱ्याच कोणाचा फोटो दिला होता. ती मोटरसायकल होती. हेल्मेट घातलेला एक दाढीवाला, एकटा.

बाईंची चूक बाईंच्याही लक्षात आली. त्यांनी फोटोकडे बघितलं, मग यांच्याकडे, मग माझ्याकडे. हे आपले सरळ उभे, शपथेवर. बाईंनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. आता पुढचा प्रश्न काय येणार आणि तो इतक्या लोकांसमोर, तो बिल्ला छातीवर लावून यांना ऐकावा लागणार, एवढंच मला सुचलं आणि मी म्हटलं, “बाई, चूक माझी आहे. मी वेगात होते. यांनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

बाई शहाणी. तिनं तो फोटो गठ्ठ्यात परत सरकवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, ठीक आहे, आजी. या वेळी मला आजीचा राग आला नाही. लायसन मात्र ठेवून घेतलं. कायदा कायदा आहे.

बाहेर आल्यावर तुमच्या बंधूंच्या तोंडाचा जो पट्टा सुटला! आपण जिंकत होतो, ऐन वेळी तू शेपूट घातलीस, माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही. परतीच्या बसमध्ये ते चालकाच्या मागच्या सीटवर बसले आणि तो ब्रेक उशिरा मारतो म्हणून त्यालाच शिकवत राहिले. मी खिडकीबाहेर बघत होते आणि माझा राग एकेकाकडे जाऊन परत येत होता. पोलीसबाईवर करावा, तर ती बिचारी खरं बोलली होती. यंत्रावर करावा, तर तेही. मग उरलं कोण? या माणसानं मला चाक दिलं ते प्रेमानं नव्हे, वन्सं. दिसेनासं झालं म्हणून दिलं. बायकोला सांगायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं नाही, नुसतं औदार्याचं सोंग आणून शेजारी बसायचं आणि अंदाजानं तीस म्हणायचं. माझं लायसन गेलं याचं मला दुःख आहेच, मी काल उशीत तोंड खुपसून रडले. पण त्याहून संताप या गोष्टीचा, की इतकी वर्षं एका घरात राहून त्यांना वाटलं, ही मला हसेल.

असो. बराच कागद खाल्ला. घरात वडीलधाऱ्या तुम्हीच, तेव्हा नमस्कार तुम्हालाच. चिरंजीवांना माझ्या वाटचं थोडं रागावा, त्यांनी काही केलेलं नाही पण मला बरं वाटेल. उत्तराची घाई नाही, मन मोकळं केलं इतकंच.

तुमची,
भावजय

ता. क. उत्तराची घाई आहे. हे पत्र आज दुपारच्या बसनं शेजारणीबरोबर पाठवते आहे, कारण फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि तुमच्या बंधूंचे कान ठणठणीत आहेत. पत्र मिळताच चिरंजीवांना घेऊन या आणि आमची गाडी घेऊन जा. तुमची गाडी बिघडली आहे, काही महिने लागतील, असं काहीही सांगा. तुम्हाला ते नाही म्हणणार नाहीत. लायसन गेल्यावर माझ्या पडद्यांचं कसं होणार या काळजीनं त्यांना काल झोप लागली नाही, आणि आज सकाळी अबोला मोडून म्हणाले, तू कशाला घाबरतेस, मी आहे ना, आजपासून मी चालवतो. वन्सं, वाटेत ती शाळा आहे.

दुसरा ता. क. आल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरचं तुम्हीच काढा, तुम्हाला स्वतःला दाखवायचं आहे आणि सोबत हवी, असं म्हणा. मी लिहिलं हे कळू देऊ नका. आणि त्यांना ओरडू नका. मघाशी मी लिहिलं ते सगळं खरं आहे, पण ओरडायचं ते मी ओरडेन.

तिसरा ता. क. तुम्ही येईपर्यंत काळजी नको. गाडीची किल्ली मी खिळ्यावरून काढली आहे. लपवली नाही, नवऱ्यापासून वस्तू लपवणं मला जमत नाही. जेवणाच्या टेबलावर, मधोमध ठेवली आहे. सकाळपासून ते सारं घर धुंडाळतायत. आत्ता त्याच टेबलावर हात टेकून मला विचारतायत, “किल्ली कुठं पाहिलीस का गं?”