कुजबुजती कमान

उस्ताद खुदादाद,

दादा म्हणायला जीभ वळत नाही. हे पत्र पाठवणारही नाही. मला नुसत्या शिव्या घालायच्यात.

एका कोपऱ्यात कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यात ऐकू येतं, म्हणून शाही महालातल्या तुझ्या कमानीचं अख्ख्या इस्फहानला कौतुक. ती दाखवायला तूच आम्हाला नेलंस. मी भिंतीला कान लावला होता. पलीकडे माझा नवरा पाठमोरा, कोपऱ्यात तोंड घालून उभा. तेवढ्यात शहा आले आणि माझ्या जागी त्यांनी कान लावला. मी ओरडणार, तर तू माझं तोंड दाबलंस. आणि भिंतीतून त्याची कुजबुज मलाही ऐकू आली:

“माहरुख, शहांच्या मिशा म्हणजे भिजल्या मांजराची शेपटी गं!”

त्याला फासावर चढवलं ते शहांनी. पण त्यांचा चेहरा लालबुंद झालेला असताना हौसेनं पुढे होऊन कोणी विचारलं रे, “हुजूर, आवाज स्वच्छ आला ना?”

फरामर्जची विधवा