पुलाची केस

१८ जानेवारी

ताई,

कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? सासूबाईंचा खोकला थांबला, की अजून अख्ख्या गल्लीला जागं ठेवतायत? मी बरी आहे. खोलीच्या खिडकीची काच एकदाची बसली. घरमालक नुसता आज करतो, उद्या करतो करत होता. शेवटी त्याच्या बायकोला गाठलं, तर दुसऱ्या दिवशी काच हजर!

परवा फोनवर म्हणालीस, "आवाज असा का? सर्दी झालीय?" मी हो म्हणाले. सर्दीबिर्दी काही नाही गं.

ऑफिसात काम जोरात आहे. मी "पाऊस सांगते" असं तू लोकांना सांगतेस. खरं तर पाऊस आमचा कॉम्प्युटर सांगतो, आम्ही त्याच्या चुका निस्तरतो. हवेतल्या ओलाव्यापाशी त्याचं घोडं पेंड खातं. ओलावा किती आहे याचा तो आधी स्वतःच अंदाज बांधतो. मग ठिकठिकाणी फुगे सोडतात, फुग्याला बांधलेलं यंत्र वर जाता जाता खरा ओलावा मोजून कळवतं. आणि ते मोजमाप अंदाजापेक्षा फारच वेगळं निघालं, तर यंत्रच बिघडलंय असं धरून तो ते फेकून देतो. तुझ्या सासूबाईंसारखं. आपल्याला पटलं नाही की समोरचा खोटा.

ही खोड आम्ही मोडतोय. फेकण्याआधी आजूबाजूच्या यंत्रांना विचारायचं, तीही तेच म्हणत असतील तर मुकाट्याने अंदाज बदलायचा. हे जमतंय का ते बघायला एखादा जुना दिवस घेतात आणि त्या दिवशीची मोजमापं घालून पाऊस नव्याने काढतात. अशा दिवसांना ऑफिसात टोपणनावं असतात. गारांची केस, साहेबांच्या सहलीची केस. या वेळी साहेबांनी मला दिली ती पुलाची केस.

हो ताई. तोच पूल.

मी कुणाला काही बोलले नाही. तोंड शिवून तो एकच दिवस पुन्हा पुन्हा चालवत बसले. दर वेळी कोरडा यायचा, आणि मला बरं वाटायचं. गेल्या मंगळवारी, पूल गेला त्याच्या आदल्या संध्याकाळची मोजमापं नीट आत गेली आणि पडद्यावर पाऊस आला. नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरावर, धो धो. शेजारच्या टेबलावरचा टकल्या ओरडलाच, "लागला रे लागला! ही तर आपली लकी केस!" सगळे टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी केक मागवायला निघालं.

मी म्हणाले, "त्या पुलाबरोबर ब्रेडची गाडी वाहून गेली ना, ती माझे भावोजी चालवत होते."

टाळ्या थांबल्या. टकल्याने माझ्यासमोर पाण्याची बाटली ठेवली आणि गुपचूप जागेवर जाऊन बसला. साहेब म्हणाले, "आधी बोलायचं नाही का? आपण दुसरा दिवस घेऊ." मी नको म्हणाले. या दिवसाचा निकाल इतका ढळढळीत आहे की वरचे लोक ही पद्धत रोजच्या कामात घेतील. पुढच्या महिन्यात सगळं जाहीर होईल, टीव्हीवर दाखवतील, आणि तुझ्या गल्लीतलं कुणीतरी धावत सांगायला येईल. त्याआधी माझ्याकडून ऐक.

फोन ठेवताना तू नेहमी विचारतेस, "कुणालाच कळण्यासारखं नव्हतं ना गं?" आणि मी म्हणते, "नाही गं, कुणालाच नाही." मला तसंच वाटायचं. पण तसं नव्हतं, ताई. आदल्या संध्याकाळी फुगा वर गेला होता. हवा पाण्याने भरलीय असं त्याने कळवलं होतं, ते ऑफिसपर्यंत पोचलंही होतं. यंत्र बिघडलं असेल म्हणून आपोआप बाहेर टाकलं गेलं. कुणा माणसाने ते बघितलंसुद्धा नाही.

तुझा एकुलता एक आधार मी काढून घेतेय, कळतंय मला. रडू येतंय लिहिताना. सांगू का असं आधी विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. म्हणून विचारलं नाही.

पण आता हेही ऐक. भावोजी गाडीची किल्ली घेऊन दारात थांबले, "जाऊ का गं?" म्हणाले. तू मोबाइलमध्ये बघून सांगितलंस, "जा, नुसती भुरभुर आहे." सासूबाई आजही म्हणतात, हिनेच घालवला. तूही मनातल्या मनात तेच म्हणतेस, मला काय कळत नाही? अगं, तू बघितलं होतंस. जे लिहिलं होतं तेच वाचून सांगितलंस. ते उत्तर आमच्या ऑफिसचं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, पण आता तिथला पगार घेते, म्हणून आमचंच म्हणते. सासूबाईंना हे मोठ्याने वाचून दाखव. मध्ये खोकला आला तरी थांबू नकोस.

रविवारी पहिल्या गाडीने येतेय. चिडायचं असेल तर समोर चिड. दार नाही उघडलंस तर पायरीवर बसून राहीन. रविवारी पाऊस नाही असं आमचं ऑफिस म्हणतंय, म्हणून छत्री घेऊनच निघते.

तुझी, आणि त्याच ऑफिसातली,
धाकटी